मृत्युपत्र नसताना मुलांचा वाटा कसा सांभाळावा?



घरातील आई किंवा वडील अकाली गेले, मृत्युपत्र केलेले नाही आणि मुले लहान आहेत, अशा वेळी दुःखातच कागदांचा प्रश्न उभा राहतो. तेरावा उरकतो न उरकतो तोच बँक, विमा, फ्लॅट, गावाकडची जमीन आणि उसनवारी यांच्या चौकशा सुरू होतात. कोणी म्हणते, "सगळे बायकोच्याच नावावर होते." कोणी म्हणते, "नॉमिनी आहे ना, मग झाले." कोणी आपुलकीने म्हणते, "वहिनी, तुम्ही इथे सही करा, बाकीचे आम्ही बघतो." यातले पहिले वाक्य चूक आहे, दुसरे अर्धवट आहे आणि तिसऱ्या वाक्यापाशी थोडे थांबायला हवे.

आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून हैदराबादेत स्थायिक आहेत. राहते घर काचीगुडा, बडी चावडी किंवा आता कुकटपल्ली-मियापूरकडे, नोकरी हायटेक सिटीत आणि जमिनीचा तुकडा नांदेड, लातूर किंवा परभणीकडे, अशी आपली मालमत्ता दोन राज्यांत विखुरलेली असते. त्यामुळे आपल्याला हा विषय इतरांपेक्षा थोडा अधिक गुंतागुंतीचा पडतो. सर्वसाधारण नियम काय आहेत आणि मुलांचा वाटा सुरक्षित राहावा म्हणून काय करता येते, हे या लेखात आम्ही एकत्र मांडले आहे. हा लेख वकिलाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र वकिलाकडे जाताना काय विचारायचे हे यावरून कळेल.

वारस कोण आणि वाटा किती?

हिंदू, जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू होतो. पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याची स्वकष्टार्जित मालमत्ता प्रथम वर्गातील वारसांकडे जाते. त्यात प्रामुख्याने पत्नी, मुलगे, मुली आणि आई येतात. या प्रत्येकाला समान वाटा मिळतो. वडील मात्र प्रथम वर्गात नाहीत. प्रथम वर्गातला एकही वारस हयात असेल तर वडिलांना काही मिळत नाही.

एक उदाहरण घेऊ. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर ८० लाखांचा फ्लॅट आहे. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि त्याची आई आहे. चौघांना प्रत्येकी २० लाखांचा वाटा मिळेल, म्हणजे निम्मा फ्लॅट मुलांचा. फ्लॅट नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर आणि निम्म्या-निम्म्या हिश्श्याने असेल तर पत्नीचा अर्धा भाग तिचाच राहतो. फक्त नवऱ्याच्या अर्ध्या भागाचे, म्हणजे ४० लाखांचे, चार वाटे पडतात.

आता आजीच्या २० लाखांचे पुढे काय होते तेही पाहावे. आजी मृत्युपत्र न करता वारल्या तर तो वाटा त्यांच्या सगळ्या मुलामुलींकडे जातो. आजोबा हयात असतील तर त्यांनाही त्यात वाटा असतो. आधी वारलेल्या मुलाची मुले आपल्या वडिलांच्या जागी येतात आणि वडिलांचा वाटा आपसांत वाटून घेतात. सुनेला त्यात वाटा नाही. म्हणजे काही वर्षांनी त्याच फ्लॅटमध्ये काका आणि आत्याही कायदेशीर हिस्सेदार होऊ शकतात. यात कोणाची लबाडी नसते, हा कायद्याचा सरळ परिणाम आहे. म्हणून आजीच्या हयातीतच सगळ्यांनी बसून बोलणे शहाणपणाचे.

आणखी काही मुद्दे नेहमी विचारले जातात. दत्तक मुलाचा हक्क पोटच्या मुलाइतकाच आहे. वडील वारले तेव्हा पोटात असलेल्या आणि नंतर जिवंत जन्मलेल्या बाळालाही तोच हक्क आहे. लग्न झालेली मुलगी पूर्ण वारस आहे. पत्नीने पुढे पुनर्विवाह केला म्हणून तिला आधी मिळालेला वाटा जात नाही, आणि मुलांच्या वाट्यावर नव्या नवऱ्याचा कोणताही हक्क येत नाही.

आई मृत्युपत्र न करता गेली तर तिची मालमत्ता आधी मुले आणि नवरा यांच्यात समान वाटली जाते. अनेक घरांत आईच्या नावावरचे दागिने, मुदत ठेवी किंवा माहेरहून आलेली जमीन "वडिलांचीच" समजली जाते. तसे नाही. त्यात मुलांचा वाटा त्या दिवसापासूनच असतो.

आपल्याकडे मराठी-तेलुगू विवाह आता नवलाचे राहिलेले नाहीत. दोघेही हिंदू असतील तर विवाह नोंदणी पद्धतीने झाला असला तरी हाच कायदा लागू होतो. पती-पत्नी भिन्न धर्मांचे असतील आणि विवाह विशेष विवाह कायद्याखाली झाला असेल तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. त्यात पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश मिळते.

वडिलोपार्जित मालमत्ता : सांगलीचा एक खटला

वाडवडिलांकडून आलेल्या एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेचा हिशोब वेगळा असतो. त्याचे गाजलेले उदाहरण सांगलीच्या न्यायालयातून सुरू झालेल्या मगदूम खटल्याचे आहे. वडील १९६० साली वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली होत्या. आपला वाटा किती, यासाठी पत्नीने दावा लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७८ साली सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी निकाल दिला.

न्यायालयाने असे धरले की मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली. त्या काळच्या नियमाप्रमाणे त्या वाटणीत वडील, आई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी एक चतुर्थांश मिळाला असता. मग वडिलांच्या एक चतुर्थांशाचे सहा वारसांत सहा भाग झाले, म्हणजे प्रत्येकी एक चोविसांश. आईला वाटणीतले सहा चोविसांश आणि वारशाने आलेला एक चोविसांश मिळून सात चोविसांश वाटा मिळाला. मुलींना मात्र फक्त एक चोविसांश आला.

आज असे होणार नाही. आंध्र प्रदेशाने १९८५ साली आणि महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित मुलींना जन्मतः हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सर्वच मुलींना, विवाहित असोत वा अविवाहित, मुलग्यांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. तेव्हा नांदेडच्या शेतात धाकट्या मुलीचे नाव लावायचे राहिले असेल तर ते लावून घेणे हा तिच्यावर उपकार नाही.

पालक म्हणजे मालक नव्हे

अठरा वर्षांखालील मूल कायद्याने अज्ञान असते. मालमत्ता त्याच्या नावावर असू शकते, पण व्यवहार त्याला करता येत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ प्रमाणे वडिलांच्या पश्चात आई ही नैसर्गिक पालक आहे. आजोबा, काका किंवा मामा कितीही जवळचे असले तरी ते आपोआप पालक होत नाहीत. न्यायालयाने नेमले तरच त्यांना तो अधिकार मिळतो. एखाद्या कार्यालयात "घरातला पुरुष घेऊन या" असे सांगितले गेले तर आईने शांतपणे हा नियम दाखवावा. वडील हयात असतानाही काही परिस्थितीत आई पालक म्हणून सही करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सांगितले आहे. तिथेही वाद मुलाच्या नावे घेतलेल्या रोख्यांच्या अर्जावरील आईच्या सहीचाच होता.

मात्र आईच्या अधिकारालाही मर्यादा आहे. मुलाच्या वाट्याची स्थावर मालमत्ता विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे किंवा अदलाबदल करणे यासाठी न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. पाच वर्षांहून अधिक मुदतीचा, किंवा मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या पुढे जाणारा भाडेपट्टाही परवानगीशिवाय करता येत नाही. व्यवहाराची खरोखर गरज आहे किंवा त्यात मुलाचे उघड हित आहे, असे दिसले तरच न्यायालय परवानगी देते.

परवानगी न घेता केलेली विक्री मुलाला सज्ञान झाल्यावर रद्द करून घेता येते. त्यासाठी अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. म्हणूनच जाणता खरेदीदार आणि कर्ज देणारी बँक न्यायालयाचा आदेश मागतात. आदेश नसेल तर एक तर व्यवहार अडतो, नाही तर भाव पडतो. घाईत पडेल भावाने घर विकण्यापेक्षा काही महिने थांबून रीतसर परवानगी घेणे मुलांच्या हिताचे असते.

एकत्र कुटुंबाची अविभक्त मालमत्ता घरातील सज्ञान कर्त्याच्या व्यवस्थेत असेल तर नियम थोडे वेगळे आहेत. पण वडिलांच्या स्वकष्टार्जित फ्लॅटमध्ये वारशाने आलेला मुलाचा वाटा हा त्याचा स्वतःचा असतो. "आपले एकत्र कुटुंब आहे, मी कर्ता आहे" असे म्हणून काकांना तो विकता येत नाही.

पालकाचे काम म्हणजे सांभाळणे आणि वेळ आली की परत सोपवणे. हैदराबादकरांना याचे एक मोठे उदाहरण रोजच्या पाहण्यात आहे. ज्यांच्या संग्रहातून सालारजंग म्युझियम उभे राहिले ते तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान यांचा जन्म १८८९ साली पुण्यात झाला. ते महिन्याचेही नव्हते तेव्हा त्यांचे वडील वारले. सहाव्या निजामांच्या देखरेखीखाली त्यांचे संगोपन झाले, जहागिरीची व्यवस्था सरकारने पाहिली आणि ते सज्ञान झाल्यावर ती त्यांच्या हाती आली. आपल्या घरात जहागीर नसेल. पण दोन खोल्यांच्या फ्लॅटलाही तोच न्याय लागू आहे.

हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी

मराठवाड्यात आणि इथेही एक प्रथा आहे. कुटुंबातला एक माणूस गेला की बाकीचे म्हणतात, "सगळे एकाच्या नावावर करू, म्हणजे कामे सोपी होतील." मग विधवा सुनेकडून हक्कसोडपत्र घेतले जाते. अनेकदा हेतू वाईट नसतो. पण सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

पहिली, आई स्वतःचा वाटा सोडू शकते, मुलांचा नाही. मुलांच्या वतीने स्थावरातला हक्क सोडणे म्हणजे तो दुसऱ्याला देणेच आहे, आणि त्याला न्यायालयाची परवानगी लागते. दुसरी, सोडलेला हक्क सहजासहजी परत मिळत नाही. "नंतर मुलांच्या नावावर करून देऊ" हे तोंडी वचन पुढच्या पिढीला बांधून ठेवत नाही. तिसरी, कामे सोपी करायची असतील तर व्यवहार पाहण्यापुरते कुलमुखत्यारपत्र देता येते. त्यासाठी मालकी सोडावी लागत नाही. त्यातही मुलांच्या वाट्यावरच्या मर्यादा कायम राहतात.

पहिल्या काही महिन्यांत कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर किंवा न वाचता कोणत्याही दस्तऐवजावर सही करू नये. कागद तेलुगूत असेल आणि वाचता येत नसेल तर "भाषांतर करून घेते, दोन दिवसांनी सांगते" असे म्हणायला संकोच वाटू नये. यात दीर-सासऱ्यांचा अविश्वास नाही. उलट उद्या मुले मोठी झाल्यावर त्यांच्याच काकांवर बोट उचलायची वेळ येऊ नये, यासाठी ही काळजी आहे.

नॉमिनी आणि वारस

नॉमिनीचे काम बहुतेक ठिकाणी पैसे स्वीकारून वारसांपर्यंत पोहोचवणे हे असते. विमा पॉलिसीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली सरबती देवी खटल्यात हे सांगितले. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये तसाच निकाल आला. तो खटला 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या पश्चात मालमत्तेवरून उभा राहिलेला होता. त्यांचे मृत्युपत्र होते, तरीही नॉमिनीचा हक्क मोठा की वारसांचा, हा प्रश्न दहा वर्षांनी सुटला. नॉमिनी झाल्याने कोणी मालक होत नाही, हे त्यातून पक्के झाले.

विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, जोडीदार किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना लाभार्थी मानले आहे. तरी इतर वारसांचा हक्क यामुळे संपतो का, यावर न्यायालयांत एकमत नाही. म्हणून लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीवर भाऊ किंवा आई नॉमिनी असेल तर ती नोंद आजच बदलून घ्यावी. भविष्य निर्वाह निधीत लग्नाआधी, कुटुंब नसताना, केलेले नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द होते, हे नोकरदार तरुणांना सहसा माहीत नसते. नवे भरले नाही तर घरच्यांना धावपळ करावी लागते.

अज्ञान मुलाला नॉमिनी करता येते. अशा वेळी त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या सज्ञान व्यक्तीचे नाव अर्जात द्यावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात आणि प्रत्येकाचा टक्का ठरवता येतो.

पहिल्या तीन महिन्यांत करायची कामे

१. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करून घ्यावी आणि दाखल्याच्या पुरेशा प्रती काढाव्यात. नावाचे स्पेलिंग आधार, पॅन आणि खरेदीखताशी जुळते का ते तिथेच तपासावे. मराठी आडनावे इथल्या कागदांवर अनेकदा चुकीची लिहिली जातात, आणि एका अक्षरासाठी पुढे महिने जातात.

२. मी सेवा केंद्रामार्फत तहसीलदारांकडे कुटुंब सदस्य दाखल्यासाठी अर्ज करावा. त्यात मुलांची नावे आणि वये बरोबर आहेत ना, ते पाहावे. या दाखल्याने कुटुंबात कोण आहे ते कळते, वाटे ठरत नाहीत.

३. एका वहीत सर्व मालमत्तेची यादी करावी : बँक खाती, लॉकर, ठेवी, विमा, शेअर, चिट फंड, घर, जमीन, वाहन, येणे आणि देणे. फोन आणि ई-मेल बंद करू नयेत, कारण हप्त्यांचे आणि व्याजाचे संदेश तिथेच येतात.

४. नोकरी असेल तर कंपनीला लेखी पत्र द्यावे. भविष्य निर्वाह निधी, त्याला जोडलेला विमा, निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी आणि गटविमा असे वेगवेगळे हक्क असतात. निधीला जोडलेल्या विम्याची कमाल रक्कम ७ लाख रुपये आहे. निवृत्तिवेतन योजनेत पत्नीच्या निवृत्तिवेतनाशिवाय दोन मुलांना, प्रत्येकी तिच्या निवृत्तिवेतनाच्या २५ टक्के, वयाच्या २५ वर्षांपर्यंत मिळते. सेवा पाच वर्षांपेक्षा कमी असली तरी मृत्यूच्या प्रसंगी ग्रॅच्युइटी देय होते, आणि तिच्यातला अज्ञान मुलाचा वाटा तो सज्ञान होईपर्यंत त्याच्यासाठी गुंतवून ठेवण्याची तरतूद कायद्यातच आहे.

५. नॉमिनी नसलेल्या मोठ्या ठेवी आणि शेअर यांसाठी दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र घ्यावे लागू शकते. ते घर-जमिनीसाठी नसते. अर्जात मुलांना वारस म्हणून दाखवलेले आहे याची खात्री आईने स्वतः करावी.

६. मुलांच्या वाट्याचे पैसे आईच्या खात्यात मिसळू देऊ नयेत. प्रत्येक मुलाच्या नावे वेगळे खाते आणि मुदत ठेव काढावी. शिक्षण-औषधासाठी त्यातून खर्च करता येतो, फक्त हिशोब ठेवावा. रस्ते अपघाताच्या भरपाईत न्यायाधिकरण मुलांची रक्कम सहसा ते सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवायला सांगते. घरीही तीच शिस्त ठेवावी.

महानगरपालिकेच्या घरपट्टीवर किंवा वीज बिलावर नाव बदलल्याने मालकी बदलत नाही. तसेच कोणा एकाचे नाव तिथे लागले म्हणून मुलांचा हक्क बुडतही नाही. तरी शक्य असेल तर नोंदीत सर्व वारसांची नावे लावावीत. जुनी खाती विसरली गेली असतील तर दहा वर्षे न हललेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. 'उद्गम' या पोर्टलवर त्या शोधता येतात आणि वारसांना परत मिळतात.

गावाकडची जमीन

१९५६ पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे आपल्या घरांतले जुने कागद उर्दूत, काही मोडीत आहेत. ते जपून ठेवावेत आणि जाणकाराकडून वाचून घ्यावेत.

महाराष्ट्रातील जमिनीसाठी मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा असतो. उशीर झाला तरी नोंद करता येते. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी २०२५ मध्ये राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीमही झाली. अज्ञान मुलाचे नाव सातबाऱ्यावर लावताना पुढे 'अ.पा.क.' असा शेरा आणि पालकाचे नाव येते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. शेऱ्यात आईचे नाव आहे का, की काकांचे, हे उतारा काढून पाहावे. मूल अठरा वर्षांचे झाले की जन्माचा पुरावा देऊन तो शेरा कमी करून घ्यावा. फेरफाराची नोटीस गावच्या पत्त्यावर जाते आणि आपण हैदराबादेत असतो. म्हणून वर्षातून एकदा तरी ऑनलाइन सातबारा पाहण्याची सवय ठेवावी.

तेलंगणातील शेतजमिनीसाठी आधी 'धरणी' आणि आता 'भू भारती' ही व्यवस्था आहे. वारसांनी एकत्र दिलेल्या जबाबावरून नोंद होत असेल तर त्या जबाबात मुलांचा वाटा वगळलेला नाही ना, ते पाहावे.

कर्ज आणि उसनवारी

मृताचे कर्ज वारसांना द्यावे लागते, पण मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंतच. आईच्या स्वतःच्या पगारातून किंवा मुलांच्या इतर पैशांतून ते वसूल करता येत नाही. कोणी "त्यांनी माझ्याकडून पाच लाख घेतले होते" म्हणत आले तर लेखी पुरावा मागावा आणि तोंडी कबुली देऊ नये. गृहकर्जासोबत विमा काढलेला होता का, हे बँकेला आवर्जून विचारावे. तसा विमा असेल तर त्यातून कर्ज फिटू शकते.

आई-वडील दोघेही नसतील तर

अशा वेळी आजी-आजोबा, काका, मामा किंवा मावशी यांनी पालक व पाल्य कायदा, १८९० प्रमाणे न्यायालयात अर्ज करावा. नातेवाइकांचे हित दुय्यम आणि मुलाचे हित सर्वांत मोठे, असे न्यायालय धरते. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याचे मतही विचारात घेते. न्यायालय नेमलेल्या पालकाकडून हमी मागू शकते. पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागू शकते आणि सांगितले तेव्हा हिशोब दाखवावा लागतो. ज्याला हे जमणार आहे त्यानेच पुढे व्हावे. मूल एका घरी वाढावे आणि मालमत्ता दुसऱ्याने पाहावी, अशीही व्यवस्था होऊ शकते.

कायदेशीर मदतीचा खर्च झेपत नाही म्हणून थांबू नये. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

आज करता येण्यासारखे

वरची बरीचशी धावपळ एका कागदाने वाचते. मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते, त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्या दोघांनीही सही करावी. साक्षीदार लाभार्थी नसलेले बरे. ते मराठीत लिहिले तरी चालते, पुढे गरज पडली तर भाषांतर होते. नोंदणी केली तर मूळ कागद हरवला तरी अडत नाही.

लहान मुले असणाऱ्यांनी मृत्युपत्रात तीन गोष्टी जरूर लिहाव्यात : कोणाला काय द्यायचे, मुलांचा वाटा कोणी आणि किती वयापर्यंत सांभाळायचा, आणि आई-वडील दोघेही नसतील तर पालक कोण. वडिलांनी नेमलेला पालक आई हयात असताना अधिकारावर येत नाही. म्हणून दोघांनी विचार करून एकच नाव आपापल्या मृत्युपत्रात लिहावे, आणि त्या व्यक्तीला आधी विचारावे.

अठराव्या वर्षी मोठी रक्कम हाती देणे योग्य नाही असे वाटत असेल तर विश्वस्त नेमून तेवीस किंवा पंचवीस वर्षांचे वय ठरवता येते. कोविडमध्ये आई-वडील गमावलेल्या मुलांसाठीच्या पीएम केअर्स योजनेतही अठरापासून मासिक रक्कम आणि तेविसाव्या वर्षी १० लाख, अशीच रचना आहे. नवऱ्याने विवाहित स्त्री संपत्ती कायदा, १८७४ खाली पत्नी-मुलांसाठी विमा घेतला तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी ठरते. इतर वारस आणि सावकार तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत. व्यवसाय करणाऱ्या सभासदांनी याचा विचार अवश्य करावा. हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो.

मृत्यूचा विषय काढला की आपल्या घरांत "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणून तो थांबवला जातो. पण दिवाळीला मुलांसाठी कपडे घेताना आपण जेवढा विचार करतो, तेवढा विचार त्यांच्या छपराचाही व्हावा. या आठवड्यात एवढेच करा : सगळ्या खात्यांची आणि कागदांची यादी एका फाइलमध्ये लावा, नॉमिनीची नावे तपासा आणि ती फाइल कपाटात कुठे आहे हे घरातल्या दोन माणसांना सांगा. मृत्युपत्र त्यानंतरच्या रविवारी लिहायला घेता येईल.